ऐनवेळी येणारे विषय

इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते.
लाल कापडी पुठ्ठा, कडेला दोरी,
आणि पहिल्या पानावर माझंच वळणदार अक्षर :
विद्यार्थी मंडळ, दोंडाईचा. सचिव हर्षला गिरासे.

ठराव सात. मंडपवाल्याला दोन हजार उचल द्यावी.
सूचक नवलसिंग, अनुमोदक रुखसार पिंजारी.
ठराव आठ. नाटकातल्या मुलींना घरी सोडायला
कोणाचा तरी भाऊ बघावा.
ठराव नऊ. रांगोळीचे रंग आणावेत,
पण मिरचीच्या वखारीशेजारच्या दुकानातून नको,
गेल्या वर्षी लाल भरताना निम्मा वर्ग शिंकत होता.

प्रत्येक ठरावापुढे नाव, नावापुढे तारीख.
तारीख चुकली की मी दारात उभी.
निमगूळचा पोरगा म्हणाला, एसटी चुकली,
तर पुढची कितीला आहे ते मला पाठ.
सर म्हणतात, पोरगी कामाची आहे.

रसायनशास्त्राची जर्नल मात्र
दप्तरात अशी बसलीय
जशी मानपान राहून गेलेली आत्या.
अनुक्रमणिका पूर्ण, दोन रंगांत अधोरेखित.
तिसऱ्या प्रयोगापर्यंत सह्या.
चौथ्यापासून नुसते आकडे
आणि समोर कोरं पान.

आई विचारते, तिला म्हणते, व्हई जाई.
नवलसिंग विचारतो, त्याचीही तीनवरच अडलीय,
त्यालाही म्हणते, व्हई जाई.
आमच्या अहिराणीत हे किती गोड शब्द आहेत.
त्यांत कर्ता नाही.
कोण करणार, ते सांगावंच लागत नाही.

वेळ मिळत नाही, हे खोटं आहे.
मंडप उभा राहिला की सगळ्यांना दिसतो,
स्टेजवरून कोणीतरी माझं नाव घेतं, चुकीचं का असेना.
प्रयोग जमला, तर टाळ्या कोण वाजवणार?
आणि नाही जमला, तर?
तो ‘तर’ मी स्पीकरच्या वायरीसारखा गुंडाळून
रोज मंडळाच्या कपाटात ठेवते.

गुरुवारी सभा संपली. खुर्च्या मोजल्या, एक्केचाळीस.
प्रयोगशाळेत उखाभाऊ नळ्या धूत होते.
पाठ न वळवताच म्हणाले,
‘चाळीस जणस्ना कामे तू लिखी लेस.
तुनी सोतानी बैठक कव्हय शे?’
मी हसले. ते हसले नाहीत.
स्टूल ओढून दारात बसले :
‘साडेपाचनी गाडी जाऊ दे, मंग मी कुलूप लावस.’

सवयीने मी वही उघडली.
सभा क्रमांक चौदा, जादा.
उपस्थिती एक.
नियमाप्रमाणे गणपूर्तीअभावी
ती तहकूब करता आली असती.
विषय : प्रयोग चौथा. पूर्ण नव्हे, फक्त निरीक्षणांचा तक्ता.
सूचक मी.
अनुमोदक
इथे पेन थांबलं.

तेवढ्यात नवलसिंग, काखेत पावतीपुस्तक,
मंडपाचा हिशेब द्यायला आलेला.
त्याने वाचलं. सही केली. काही बोलला नाही.
मग पावत्यांच्या गठ्ठ्याखालून
कोपरे दुमडलेली स्वतःची जर्नल काढली.

ब्युरेटमधून थेंब, थेंब.
पहिल्यांदा गुलाबी फारच चढला.
‘हाई ते मंडपनं कापड व्हयनं,’ उखाभाऊ म्हणाले.
ओतून दिलं. पुन्हा.
खिडकीतून मिरचीचा खाट आला, तिघेही ठसकलो,
आकडा वाचेपर्यंत मी माझा ठसका दाबून धरला.

साडेपाचची गाडी गेली. तक्त्यात तीन ओळी.
अजून आठ प्रयोग आहेत, संमेलनाला नऊ दिवस.
यापुढे नियमित अभ्यास करण्याचे ठरले,
असं मी लिहिलं नाही.
असले ठराव मी दुसऱ्या कोणाचेही मंजूर केलेले नाहीत.
फक्त एवढंच :
पुढील सभा शुक्रवारी पाच वाजता, याच जागी.
मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात येईल.
ऐनवेळी येणारे विषय घेतले जाणार नाहीत.

कुलूप लावता लावता उखाभाऊ विचारत होते,
‘आनि चहाना ठराव कोन मांडस?’